टर्नरचं ‘फायटिंग टेमेरेर’: कॅनव्हास प्रिंट मागवण्यापूर्वी

जे. एम. डब्ल्यू. टर्नरचं हे १८३९ सालचं तैलचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १८०५ मध्ये ट्राफल्गारच्या सागरी लढाईत लढलेली ‘टेमेरेर’ ही ९८ तोफांची ब्रिटिश युद्धनौका १८३८ साली मोडीत निघाली. चित्रात वाफेचा टग (जहाजं ओढणारी छोटी बोट) तिला टेम्समधून लंडनच्या रॉदरहाइदला तोडायला नेतोय. प्रत्यक्षात टग दोन होते आणि डोलकाठ्या आधीच उतरवल्या होत्या. टर्नरने त्या पुन्हा उभ्या केल्या, जहाज फिकट सोनेरी ठेवलं आणि टग काळाकुट्ट. चित्राचा जीव या फरकात आहे. प्रिंटमध्ये तोच सांभाळायचा असतो.

माप. मूळ चित्र ९०.७ × १२१.६ सेंमी, म्हणजे जवळजवळ ३ × ४ फूट. म्हणून १८ × २४, २४ × ३२ किंवा ३६ × ४८ इंच घ्या. २४ × ३६ च्या तयार फ्रेमचा हट्ट नको. तिथे उंचीतले ३ इंच कापावे लागतात: वरून कापलं तर डावीकडची चंद्रकोर कडेला चिकटते, खालून कापलं तर उजवीकडच्या काळ्या बोयाखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखाली) फारसं पाणी उरत नाही. साच्यावर (कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीवर) वळवायला आम्ही चारही बाजूंना २ इंच कोरा कॅनव्हास वेगळा सोडतो.

फाइल. २४ × ३२ साठी ३६०० × ४८०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोतून डोलकाठ्यांचे दोर पुसट येतात.

रंग. ‘जरा उठावदार करा’ असं कृपया सांगू नका. कॉन्ट्रास्ट वाढवला की आधी जहाज तपकिरी होतं आणि टगशी एकजीव होऊन जातं. छपाईआधी नमुन्याची पट्टी पाहून जा. टगच्या धुराड्याचा काळा आणि जहाजाचा फिकट रंग तिच्यात शेजारी दिसतात.

पोत. टर्नरने सूर्याभोवती रंग जाड थापलाय, जहाज मात्र पातळ थरात रंगवलंय. त्यामुळे पारदर्शक जेल आम्ही फक्त सूर्य आणि ढगांवर ब्रशने लावतो, २४ तास वाळू देतो. सगळीकडे जेल फासलं तर जहाज जड दिसतं.

लावताना. पिवळ्या बल्बखाली डावीकडचं निळं आकाश मळकट दिसतं. ४००० केल्विनचा (ना फार पिवळा, ना निळसर अशा पांढऱ्या उजेडाचा) दिवा वरून तिरका सोडा. उन्हाची किंवा ओल येणारी भिंत टाळा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला तर साच्याच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने, आळीपाळीने ठोका. एकच ठोकली तर चौकट वाकडी होते. ओलं फडकं लावू नका.