सालीवर लपणारे पतंग : ओळख

सालीच्या रंगात मिसळून दिवसभर निश्चल बसणाऱ्या निशाचर पतंगांची जात ठरवणे. बेळगाव, खानापूर, कारवार या सीमाभागात पावसाळ्यात असे पतंग रात्री दिव्यावर येतात आणि सकाळी भिंतीवर किंवा जवळच्या खोडावर सापडतात.

निव्वळ रंगावरून जात सांगू नये. एकाच जातीत फिकट व गडद नमुने असू शकतात, आणि खवले झडले की नक्षी पुसट होते. आधी बसण्याची ढब पाहावी. पंख चपटे पसरून, मागचे पंखही दिसतील असा बसलेला पतंग बहुधा जिऑमेट्रिडी कुळातला. पंख छपरासारखे उतरते धरणारा बहुधा नॉक्टुइडी. अंगाने जाड, निमुळत्या पंखांचा असेल तर स्फिंगिडी. मिशा आणि पंखांवरच्या आडव्या रेषा त्यानंतर.

सर्वांत भक्कम पुरावा अळीच्या अन्नवनस्पतीचा. युरोपातला स्फिंक्स पिनास्ट्री हा करडा पतंग पाईनच्या खोडावर दिसेनासा होतो. त्याची हिरवी, पांढऱ्या पट्ट्यांची अळी पाईनच्या सुया खाते आणि त्यांत तशीच हरवते. तसा करडा पतंग खानापुरात दिसला तरी त्याला हे नाव देता येत नाही, कारण पाईन इथल्या रानातला नाही. दक्षिण भारतात रानात उगवणारी एकमेव सूचिपर्णी (पाईनच्या गटातली, फुले न येणारी) जात, नागेइया, तीही नीलगिरी डोंगरांपासून दक्षिणेकडे. इथे पाईनसारखा दिसून फसवतो तो सुरू. त्याच्या ‘सुया’ म्हणजे सांध्यांच्या बारीक डहाळ्या, आणि झाड सपुष्प, म्हणजे सूचिपर्णी नव्हेच. अंगणातली मोरपंखी मात्र खरी सूचिपर्णी. मुले तिचीच डहाळी ‘विद्या’ म्हणून वहीत जपतात.

पतंग ज्या खोडावर बसला तेच अळीचे खाद्य, असेही धरू नये. म्हणून अळी पाळून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. कारवारला राहिलेले वनाधिकारी टी. आर. बेल यांनी याच मार्गाने अभ्यास केला, एफ. बी. स्कॉट यांच्यासह लिहिलेला त्यांचा स्फिंगिडी कुळावरचा खंड १९३७ मध्ये निघाला आणि आजही तो मोलाचा आहे.

अळी ज्या झाडावर मिळाली त्याचाच ताजा पाला रोज द्यावा. डब्याच्या तळाशी ओलसर माती हवी, कारण अनेक जाती मातीत कोष करतात. पाठीची कमान करून चालणारी प्रत्येक अळी जिऑमेट्रिडी नसते: त्या कुळात पोटाखालच्या मांसल पायांच्या सहसा दोनच जोड्या, त्याही शेवटाकडे, सोयाबीनवरच्या उंटअळीला तीन, आणि ती नॉक्टुइडी.