जुन्या डिझेल गाडीचं कूलंट फ्लश करणं

कूलंट फ्लश म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणारं जुनं कूलंट काढून टाकून आतला गंज, गाळ आणि पाण्यातले क्षार धुवायचे आणि मग नवीन कूलंट भरायचं. रेडिएटरखालचा कॉक सोडला, जे आलं ते सांडलं आणि वरून नवीन ओतलं, यालाही बरेच जण फ्लशच म्हणतात पण तो फ्लश नव्हे, कारण रेडिएटर रिकामा झाला तरी इंजिन ब्लॉक, हीटरचा कोअर (गाडीच्या आत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर) आणि होस पाइप यांच्यात बरंच जुनं कूलंट, कित्येक गाड्यांत निम्म्याच्या आसपास, तसंच अडकून राहतं. पुढं सगळा हिशोब या अडकलेल्या कूलंटवरच येतो.

कूलंट म्हणजे बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि थोडी गंजरोधक रसायनं. निम्मं ग्लायकॉल निम्मं पाणी असं मिश्रण उणे ३७ अंश सेल्सियसच्या आसपास गोठतं आणि उघड्यावर साधारण १०७ अंशाला उकळतं, वर १ बारचं प्रेशर कॅप असलं की हाच उकळबिंदू १३० च्या जवळ जातो, म्हणजे कॅपचं रबर गेलं असेल तर कितीही भारी कूलंट भरा, गाडी चढावर उकळायची भीती राहतेच. जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त चांगलं असंही नाही, शुद्ध ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं आणि उष्णताही पाण्यापेक्षा कमी वाहून नेतं. आता मुद्द्याची गोष्ट, ग्लायकॉल वर्षानुवर्षं टिकतं, संपतात ती गंजरोधक रसायनं. म्हणून हायड्रोमीटरवर, म्हणजे ग्लायकॉलचं प्रमाण मोजायच्या साधनावर, कूलंट ओके दाखवतं आणि आत मात्र लोखंड गंजत असतं. रंग तपकिरी झाला, बोटाला चिकट किंवा रवाळ लागलं की समजायचं उशीर झालाय.

जुन्या डिझेलला हे जास्त महागात पडतं. ब्लॉक बिडाचा आणि त्याच्यावर बसणारं हेड बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे दोन वेगळे धातू एकाच पाण्यात, त्यात कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधे हवा दाबायचं प्रमाण, बऱ्याचदा २० ला १ च्या आसपास, त्यामुळं हेड थोडं जरी जास्त तापलं तरी वाकतं, गॅस्केट जातं नाहीतर दोन वॉल्व्हच्या मधे चीर पडते. बिडाचा गंज सुटून खाली बसतो, जास्त करून पंपापासून लांबच्या मागच्या सिलिंडरभोवती, आणि तिथं पाणीच नीट फिरत नाही, काट्यावर तापमान नॉर्मल दिसतं पण तो एक सिलिंडर भाजत असतो. ज्या इंजिनांत वेट लायनर असतात, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला (लायनरला) बाहेरून थेट कूलंट लागतं, तिथं अजून एक भानगड, डिझेलच्या ठोक्यानं लायनर थरथरतो, त्याच्या बाहेर बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि धातूला खड्डे पडत पडत शेवटी आरपार भोक पडतं. अशा इंजिनासाठीच्या कूलंटमधे त्यावरचं रसायन घातलेलं असतं म्हणून तिथं साधं कूलंट चालत नाही.

कुठलं भरायचं ते रंगावरून ठरवू नये, रंग हा नुसता रंग असतो, सगळ्या कंपन्यांचा एक नियम नाही. जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं कूलंट साधारण २ वर्षं टिकतं आणि ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं ५ च्या आसपास, पण पितळी रेडिएटर आणि डाग देऊन (सोल्डर करून) केलेले जोड असलेल्या जुन्या गाडीला नवीन प्रकारचं कूलंट मानवेलच असं नाही, गाडीच्या पुस्तकात जे स्पेसिफिकेशन दिलंय तेच घ्यावं. दोन प्रकार एकत्र केले तर गंजरोधकं एकमेकांना मारतात, कधीकधी जेलीसारखा गाळही होतो.

काम इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायचं, गरम इंजिनाचं कॅप उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. हीटरचा नॉब फुल गरमवर ठेवायचा म्हणजे त्याचा वॉल्व्ह असेल तर उघडा राहतो. जुन्या गाडीत रेडिएटरचा प्लास्टिकचा कॉक ठिसूळ झालेला असतो, अडला तर जोर लावू नये, सरळ खालचा होस काढावा. मग ब्लॉकचा ड्रेन प्लग. हाच प्लग लोक सोडून देतात कारण तो अवघड जागी असतो आणि गंजून बसलेला असतो, पण आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं तर बऱ्याचदा सुटतो, आणि सुटल्यावर काहीच आलं नाही तर आत गाळ बसलाय, तारेनं टोकरलं की लाल चिखल बाहेर येतो. तो चिखल बघितला की एवढी खटपट का करायची ते कळतं.

काढलेलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून जुनी रसायनं जमा करतात तिथं द्यायचं, गटारात किंवा मातीत ओतू नये. ते चवीला गोड असतं, कुत्रीमांजरं चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी किडनी निकामी होऊन मरतात, लहान मुलांनाही तोच धोका. सांडलेलं लगेच धुवून टाकावं.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा वॉल्व्ह, काढून साध्या पाण्यानं धुवायचं, स्वच्छ येईपर्यंत. गंज जास्त असेल तर सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी घालून गाडी गरम करून फिरवतात, मात्र ते आत ठेवून विसरायचं नाही, अ‍ॅल्युमिनियमलाही खातं, नंतर तीनचारदा धुवावं लागतं. कूलंटमधे तेल आलं असेल तर आधी तेल काढणारा क्लीनर आणि मग अ‍ॅसिड, कारण तेलाच्या थराखाली अ‍ॅसिड पोचतच नाही. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनं करावं. या खोलाखोलीतच होस दाबून बघावेत, डिझेल आणि तेल लागून लागून ते फुगतात आणि मऊ पडतात, थर्मोस्टॅटही नवीनच बसवलेला बरा.

भरताना तो अडकलेल्या कूलंटचा हिशोब येतो. धुतल्यावर आत जे उरलंय ते आता पाणी आहे. त्यात तयार निम्मंनिम्मं मिश्रण ओतलं तर ते पातळ होऊन पावच ग्लायकॉल राहील. म्हणून सिस्टिम ९ लिटरची असेल तर साडेचार लिटर शुद्ध कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आधी मोजून ओतायचं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरनं भरायची, आत किती पाणी राहिलंय ते माहीत नसलं तरी प्रमाण बरोबर येतं.

हवा काढायला घाई नको. हळू ओतायचं, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवायचा, गाडीचं नाक थोडं वर असलं तर सोपं जातं. थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशाच्या मधे कुठंतरी उघडतो आणि डिझेल इंजिन नुसत्या आयडलिंगवर लवकर एवढं तापतच नाही, म्हणून कॅप लावून चक्कर मारून आणावी, हीटर गरम हवा फेकतोय का आणि खालचा होस गरम झालाय का बघावं, पूर्ण थंड झाल्यावर लेव्हल भरावी. पुढचे दोनतीन दिवस सकाळी लेव्हल थोडी खाली जाईल, ती अडकलेली हवा. पण आठवडा झाला तरी कमी होतच असेल, बाहेर कुठं थेंब दिसत नसेल आणि रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होस सकाळीही कडक लागत असेल तर हेड गॅस्केट तपासून घ्यावं.