‘मला इजा करायची नव्हती’ : मारहाणीच्या भरपाईत हेतू कसा पाहतात

सोसायटीत पार्किंगवरून बाचाबाची होते, एक जण दुसऱ्याला ढकलतो, मनगट मोडतं. आपण नोटीस पाठवली की उत्तर ठरलेलं: ‘आमच्या अशिलाचा इजा करण्याचा हेतू नव्हता.’ फौजदारी खटल्यात या वाक्याला वजन असू शकतं. भरपाईच्या दिवाणी दाव्यात, म्हणजे टॉर्टमधल्या (दिवाणी अपकृत्यांच्या कायद्यातल्या) ‘बॅटरी’त, संमतीशिवाय मुद्दाम अंगाला हात लावल्याच्या दाव्यात, ते सहसा कामी येत नाही.

कारण तिथे हेतू स्पर्शाचा पाहतात, इजेचा नाही. संमती नसताना, कायदेशीर कारण नसताना मुद्दाम ढकललं, एवढं पुरतं. काहीच लागलं नसलं तरी दावा टिकतो, भरपाई मात्र नाममात्र मिळू शकते.

टॉर्टची आपल्याकडे संहिता, म्हणजे एकत्र लिहिलेला कायदा, नाही, त्यामुळे परदेशी निवाडेही कोर्टात वाचले जातात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला १९५५ चा ‘गॅरेट विरुद्ध डेली’ आम्ही अशिलांना आवर्जून सांगतो. पाच वर्षांच्या मुलाने खुर्ची सरकवली, बसायला गेलेल्या बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्याला त्यांना पाडायचं होतं का, एवढ्यावर कोर्ट थांबलं नाही. त्या तिथे बसायला जाणार हे त्याला जवळपास खात्रीने माहीत होतं का, हे पाहायला सांगितलं. ऐरोलीच्या ऑफिसांत मस्करीत खुर्ची ओढणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

एकावर उगारलेला हात भांडण सोडवायला गेलेल्याला बसला, तरी हेतू होताच असं धरतात. भांडणात मार बहुधा सोडवणाऱ्यालाच बसतो.

ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत कोपर लागलं, तर ती बॅटरी नव्हे; तेवढं रोजच्या व्यवहारात धरलेलं आहे. बेफिकीरपणे धावत कुणाला पाडलं तर दावा निष्काळजीपणाचा होतो, आणि त्यात नुकसान सिद्ध करावंच लागतं. इंग्लंडमधल्या ‘लेटँग विरुद्ध कूपर’ (१९६४) मध्ये हिरवळीवर ऊन खात पडलेल्या बाईंच्या पायांवरून गाडी गेली होती. चालकाचा हेतू नव्हता, म्हणून तो मामला निष्काळजीपणाचाच, असं न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी ठरवलं.

हेतू सिद्ध होतो तो आधीच्या वागण्यावरून. धमकीचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याचं पत्र सेक्रेटरींना त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. घटना ठाण्यात घडली आणि समोरचा पनवेलला राहत असला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ प्रमाणे दावा कुठल्या ठिकाणी लावायचा ते तुम्ही ठरवू शकता.