इंजिन तेच, हाताला लागणारी गाडी वेगळी: ई-टाइप आणि एक्सजे६

जुनी स्पोर्ट्स कार खडबडीत वाटते कारण त्या काळी मुलायम गाडी बनवता येत नव्हती, असं बरेच जण धरून चालतात. मला हे अजिबात पटत नाही. जॅग्वारच्याच दोन गाड्या बघा: १९६१ मध्ये आलेली ई-टाइप आणि १९६८ ची एक्सजे६, ही चार दारांची सेडान. १९४८ मध्ये पहिल्यांदा दिसलेलं एक्सके सहा सिलिंडर इंजिन दोन्हींत आहे, ४.२ लिटरच्या रूपातही. मागचं स्वतंत्र सस्पेंशनही, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळं वरखाली होऊ देणारी रचना, एकाच घाटाचं.

फरक आहे तो पुढे. ई-टाइपचं पुढचं सस्पेंशन नळ्यांच्या चौकटीवर बसवलंय आणि ती चौकट बोल्टने थेट बॉडीला जोडलीय. एक्सजे६ मध्ये सस्पेंशन आणि इंजिनाचा पुढचा भार एका सबफ्रेमवर, म्हणजे बॉडीखालच्या वेगळ्या चौकटीवर आहे, आणि सबफ्रेम व बॉडीच्या मध्ये जाड रबर. रस्त्याचा हादरा तिथेच बराचसा मुरतो. बॉब नाइट या इंजिनिअरने याच कामात हयात घालवली, आणि माझ्या मते त्याचं श्रेय त्याला पुरेसं मिळालेलं नाही.

सुरुवातीच्या ई-टाइपला पॉवर स्टिअरिंग नाही. वळणात वेग वाढला की स्टिअरिंगचं लाकडी चाक हातात जड होत जातं आणि पुढच्या टायरची पकड सुटू लागली की हलकं पडतं. ही खबर ड्रायव्हरला हवीच असते. ४.२ लिटर एक्सजे६ चं पॉवर स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, पण टायरचं काय चाललंय ते फारसं कळू देत नाही. व्हीलबेसही, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ई-टाइपच्या ९६ इंचांऐवजी सुमारे १०९, त्यामुळे खड्ड्यावर गाडी कमी उसळते.

गिअरबॉक्सचं मात्र वेगळं. ३.८ लिटर ई-टाइपच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी यंत्रणा, नव्हतं; चालत्या गाडीत तो टाकला की करकर ऐकू यायची. ती खरीच उणीव होती, आणि ४.२ लिटर ई-टाइपमध्ये ती दूर झाली.

म्हणून जुनी गाडी घेताना प्रत्येक धक्क्याला ‘कॅरेक्टर’ म्हणू नका. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग थोडं फिरवूनही चाकं हलत नसतील, तर बहुधा स्टिअरिंगचे जॉइंट झिजलेत. एक्सजे६ ब्रेक लावताना पुढून ‘धप्’ करत असेल, तर आधी सबफ्रेमचं रबर तपासा.