पेनड्राइव्हवरचं लिनक्स परक्या संगणकावर का अडतं?

लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावून त्यावर उबुंटू हे लिनक्स रीतसर इन्स्टॉल केलं, ते चाललंही. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला की मात्र सरळ विंडोज सुरू होतं. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, पहिल्या लॅपटॉपमध्येच राहून गेलेला असतो.

यूईएफआय (संगणक चालू होताच आधी जागं होणारं नव्या धर्तीचं फर्मवेअर) असलेला संगणक कोणती फाइल चालवून सुरू व्हायचं याची नोंद मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅम या कायमस्वरूपी मेमरीत ठेवतो, आणि ती नोंद त्या संगणकापुरतीच असते. परका पेनड्राइव्ह लागला की फर्मवेअर त्यावरच्या फॅट३२ पार्टिशनमध्ये एकाच ठरलेल्या जागी बघतं: 'ईएफआय' फोल्डरात 'बूट' फोल्डर आणि त्यात 'बूटएक्स६४.ईएफआय' ही फाइल. ती तिथे नसेल तर गाडी पुढे सरकत नाही. उबुंटूच्या इन्स्टॉलरची जुनी खोड अशी, की आपण पेनड्राइव्ह निवडला तरी बूटलोडर तो पुष्कळदा आतल्या डिस्कच्या ईएसपीमध्ये (बूटलोडर ठेवण्याच्या फॅट३२ पार्टिशनमध्ये) टाकतो. म्हणून इन्स्टॉल करण्यापूर्वी आतली डिस्क काढून ठेवणं सगळ्यात खात्रीचं.

आधीच चूक झाली असेल तर पेनड्राइव्हवर ५१२ एमबीचं फॅट३२ ईएसपी पार्टिशन करावं, ते 'बूट/ईएफआय'वर माउंट करावं आणि उबुंटूचा बूटलोडर ग्रब बसवणारी 'ग्रब-इन्स्टॉल' ही आज्ञा 'रिमूव्हेबल' पर्यायासह चालवावी. मग 'एफएसटॅब' (सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची याची यादी) उघडून त्यातला जुन्या ईएसपीचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बदलून नव्याचा घालायचा. हे हमखास राहतं. मग परक्या संगणकावर लिनक्स त्या नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं.

यूईएफआय नसून नुसतं बायोस हे जुनं फर्मवेअर असलेल्या संगणकांना ही फाइल कळतच नाही. ते डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर वाचतात. त्यांच्यासाठी जीपीटी पद्धतीने पार्टिशनं केलेल्या डिस्कवर १ एमबीचं 'बायोस-ग्रब' पार्टिशन ठेवून ग्रब दुसऱ्यांदा, बायोससाठी, बसवावं लागतं. दोन्ही एका पेनड्राइव्हवर सुखाने नांदतात.

कशावरून सुरू व्हायचं ते निवडण्याच्या बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ आधी बायोसमध्ये चालू करावी लागते. विंडोज 'शट डाउन' केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपलेलं असतं, म्हणून 'रीस्टार्ट' करून कळ दाबा. विंडोज असं अर्धवट झोपलेलं असताना त्याच्या पार्टिशनवर लिनक्समधून काही लिहू नका, फाइली बिघडतात.

सही नसलेले बूटलोडर रोखणारं सिक्युअर बूट उबुंटूला सहसा अडवत नाही, कारण त्याच्या 'शिम' या पहिल्या छोट्या बूटलोडरवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही असते. स्वतः कंपाइल केलेलं, सही नसलेलं कर्नल (लिनक्सचा गाभा) मात्र अडतं. सिक्युअर बूट बंद करायचंच असेल, तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा, नाहीतर विंडोज दारातच अडवेल.

एवढं करूनही लिनक्स रखडत चाललं, तर पेनड्राइव्हच बदला. मोठी फाइल तो भराभर वाचतो, पण ऑपरेटिंग सिस्टिमचं सततचं बारीकसारीक लिहिणं त्याला झेपत नाही. यूएसबी ३ एन्क्लोजरमध्ये (बाहेरच्या खोक्यात) घातलेली जुनी साटा एसएसडीसुद्धा त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ निघते.