पळस की पांगारा? फाल्गुनातल्या डोंगरवाटेवरचा नेहमीचा वाद

फाल्गुनात सह्याद्रीत फिरणाऱ्या बहुतेक टोळक्यांत हा वाद झडतो. समोरच्या उतारावर एक बिनपानांचं झाड पेटल्यासारखं फुललेलं असतं. एकजण म्हणतो, "पळस बघ कसला फुललाय!" दुसरा म्हणतो, "पळस कसला, पांगारा आहे तो." तिसरा मोबाइल काढतो, रेंज नसते. मग पाणी पिऊन सगळे पुढे निघतात आणि घरी गेल्यावर फोटोखाली ‘पळस’ लिहून मोकळे होतात. पळसाचं नाव जास्त ओळखीचं, एवढंच त्यामागचं कारण. पांगाऱ्याच्या वाट्याला येणारं कौतुक असं दरवर्षी पळसाच्या खात्यावर जमा होत असतं.

गोंधळ होतो त्यात नवल नाही. दोन्ही झाडं एकाच कुळातली, शेंगा धरणाऱ्यांच्या. दोन्ही थंडी सरता सरता पानं गाळतात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये उघड्या फांद्यांवर फुलतात, आणि दोन्हींवर सकाळी पाखरांची सारखीच झुंबड उडते. पानांवरून ओळखावं म्हटलं तर तिथेही पंचाईत. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण खरी, पण पांगाऱ्यालाही तीनच असतात. म्हणजे तीन पानं मोजून पळस ठरवायचा तर निम्मे पांगारे पळस ठरतील.

रंगापासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. पळस केशरी असतो. अगदी ताज्या फुलातही लालापेक्षा नारिंगी छटा वरचढ असते. पांगारा खराखुरा लाल. काही झाडांवर शेंदरी, काहींवर किरमिजीकडे झुकलेला. भर दुपारी, दोन झाडं शेजारी शेजारी असली तर फरक चटकन कळतो. पण संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पांगारा केशरी दिसू लागतो आणि मोबाइलचा कॅमेरा तर दोघांनाही एकाच भडक रंगात रंगवून टाकतो. शिवाय पिवळ्या फुलांचा पळस असतो आणि पांढऱ्या फुलांचा पांगाराही असतो, दोन्ही विरळा असले तरी. त्यामुळे रंग हा पुरावा म्हणून कच्चा आहे.

लांबून बघायचं असेल तर रंगापेक्षा मांडणी बघावी. पळसाची फुलं फांदीच्या बऱ्याच लांबीवर गच्च लगडतात. त्यामुळे झाड सलग केशरी दिसतं आणि त्या केशरात काळपट ठिपके मिसळलेले असतात. पांगाऱ्याच्या फुलांचे जाड तुरे फांद्यांच्या टोकांना येतात. मधली फांदी उघडीच राहते. म्हणून पांगारा लांबूनही तुटक तुटक लाल दिसतो. दुर्बीण सोबत असेल तर हे एका नजरेत कळतं. पक्षी बघणारा एखादा मित्र बरोबर असणं वसंतातल्या ट्रेकला फार सोयीचं असतं, तेवढाच वाद लवकर मिटतो.

तरी खरा निकाल फूल हातात घेतल्यावरच लागतो. तोडायची गरज नाही, झाडाखाली हवी तेवढी पडलेली असतात.

या कुळातल्या पुष्कळ फुलांची घडण ठरलेली असते. पाकळ्या पाच. वरची एक मोठी, तिला ध्वज म्हणतात. दोन बाजूंना दोन पंख. आणि खाली दोन पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेली होडी. वाटाण्याच्या फुलात हे सगळं लहान प्रमाणात दिसतं. पळस आणि पांगारा यांनी हीच पाच पाकळ्यांची सामग्री घेतली आणि दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडवल्या.

पळसाने होडी मोठी केली. ती जाड, वर वळलेली आणि टोकदार असते, पोपटाच्या चोचीसारखी. संस्कृतातलं किंशुक हे नाव त्यावरूनच आलं असं सांगतात. पुंकेसर या चोचीच्या आत लपलेले असतात, बाहेरून दिसत नाहीत. पाकळ्यांवर बाहेरच्या बाजूने बारीक चंदेरी लव असते, फूल उन्हात तिरकं धरलं की ती चमकते. आणि देठाकडची वाटी गडद तपकिरी, जवळजवळ काळी, बोट फिरवलं तर मखमली लागते. लांबून दिसणारे काळपट ठिपके ते हेच. कळ्या तर जवळपास पूर्ण काळपट असतात. त्यामुळे अर्ध्या फुललेल्या पळसाची फांदी करपल्यासारखी दिसते.

पांगाऱ्याने ध्वज वाढवला. एकच लांब लाल पाकळी, चांगली दोनेक इंचांची, आणि पंख व होडी इतकी बारीक की ती शोधावी लागते. पुंकेसर लपवायला होडी पुरेशी नाहीच, त्यामुळे त्यांचा लालसर जुडगा सरळ बाहेर आलेला असतो. काळी मखमली वाटी नाही. आपल्याकडे गावांभोवती दिसणाऱ्या पांगाऱ्यात देठाकडचं वेष्टन एका बाजूने चिरलेलं असतं आणि फूल त्या चिरेतून बाहेर पडतं.

एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे: पुंकेसर चोचीत दडलेले तर पळस, बाहेर डोकावणारे तर पांगारा. मी तरी आता बाकी कशाच्या वाटेला जात नाही.

या घडणीचा संबंध पाहुण्यांशी आहे. दोन्ही फुलांना वास नाही. सुभाषितकारांनी बिचाऱ्या पळसाला यावरून पुष्कळ टोमणे मारलेत, पांगारा त्यातून सुटला. वास नसला तरी लाल-केशरी रंग आणि भरपूर मध हे पक्ष्यांसाठीचं आमंत्रण आहे. पळसाच्या बाबतीत जांभळा सूर्यपक्षी फुलात चोच खुपसतो, होडी दबते आणि आतले पराग त्याला लागतात. पांगाऱ्यात परागाची भेट उघड्यावरच होते, मध प्यायला आलेल्या पाखराच्या डोक्या-गळ्याला पुंकेसर आपसूक घासतात. मैना, बुलबुल, कोतवाल, हळद्या, थंडीत येऊन परतीच्या वाटेला लागलेल्या भोरड्या, दोन्ही झाडांवर सगळे हजेरी लावतात. खारीही येतात. त्यांच्यातल्या काहींना परागीकरणाशी काही देणंघेणं नसतं, पाकळ्या ओरबाडून मध पिऊन जातात.

मधमाश्याही येतात, आणि इथे जरा सांभाळा. हा कड्यांवर आग्या मोहोळ लटकण्याचा मोसम आहे. फुललेल्या झाडाखाली आरडाओरडा, अंगावर उग्र अत्तर, चूल पेटवून केलेला धूर यांपैकी काहीही नको. वाळलेल्या गवतात वणवा लागायलाही हाच काळ सर्वांत वाईट.

आता खोडाकडे या, कारण डोंगरात हात कशाला घालतो याला महत्त्व आहे. पांगाऱ्याला काटे असतात. खोडावर, फांद्यांवर, शंकूच्या आकाराचे, टोकाला काळपट. झाड जुनं झालं की बुंध्यावरचे काटे कमी होतात, पण वरच्या फांद्यांवर राहतात. शिवाय लाकूड हलकं आणि ठिसूळ. घसाऱ्याच्या उतारावर पाय सरकला आणि शेजारची पांगाऱ्याची फांदी धरली, तर हात रक्तबंबाळ होईल आणि फांदीही हातात येईल. पळसाला काटे नाहीत. त्याचं खोड वेडंवाकडं, गाठाळ, साल राखी. तिला जखम झाली की लाल रस पाझरतो आणि वाळून माणकासारखा गोंद होतो. हे पाहायला म्हणून कुणी चाकू चालवू नये, जुन्या जखमेवर तो वाळलेला सापडतोच.

डोंगरउतारावर जो बूच पांगारा भेटतो त्याची साल जाड, बुचासारखी आणि खोल भेगांची असते. पांगारा हे एकाच झाडाचं नाव नाही, सह्याद्रीत त्याच्या दोन-तीन जाती आहेत. ट्रेकरला त्या वेगळ्या ओळखण्याची फारशी गरज पडत नाही.

या भांडणात काटेसावर उगाच ओढली जाते. तिलाही काटे, तिलाही लाल फुलं, तीही निष्पर्ण. पण तिचं फूल पेल्याएवढं, पाच सारख्या जाड पाकळ्यांचं, मधोमध पुंकेसरांचा भरगच्च झुबका. फांद्या खोडापासून मजल्या-मजल्याने आडव्या फुटतात. ती वेगळ्याच कुळातली आहे. एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही.

कुठे काय भेटेल याचाही थोडा अंदाज बांधता येतो. पळस चिवट आहे. उघडी माळरानं, मुरमाड उतार, खारवट किंवा पाणी साचणारी जमीन, वणव्याने होरपळलेलं रान, सगळीकडे तो तग धरतो. कर्जत, मुरबाड, शहापूर भागात किल्ल्यांच्या पायथ्याची सपाटी ओलांडताना तो हमखास दिसतो. कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या लोकलच्या वाटेवर तर पळसदरी नावाचं स्टेशनच आहे. विदर्भात तर मार्चमध्ये मैलोन्‌मैल तोच. पांगारा कोकणात गावांच्या कुंपणाला, बांधाला, ओढ्याच्या कडेला आणि घाटाच्या उतारावरच्या पानगळी रानात असतो. म्हणून पायथ्याच्या माळावर केशरी दिसलं तर पळसाकडे झुकावं, आणि वाट ओढ्याला लागून चढू लागल्यावर लाल तुरे दिसले तर पांगाऱ्याकडे. घाटमाथ्यावरच्या दाट सदाहरित राईत शिरलात की दोघांचाही विषय संपला.

वस्तीतल्या माणसाला विचारलं तर तो फूल न बघताही सांगेल, कारण त्याच्या लेखी ही दोन झाडं दोन वेगळ्या कामांची आहेत. पळस म्हणजे पान. मोठं, जाड, चिवट, चामड्यासारखं. काड्यांनी टाचलं की पत्रावळ, दुमडलं की द्रोण. पांगाऱ्याचं पान पातळ आणि मऊ, टोकाशी निमुळतं. त्यात वरण वाढलं तर पंगतीचं हसं होईल. मुंजीत बटूच्या हाती दंड द्यायचा तो पळसाचा. शिमग्याचा रंग पळसफुलांचा: फुलं उकळली की पिवळं पाणी सुटतं, त्यात थोडा चुना किंवा तुरटी पडली की ते केशरी होतं. लाखेचे किडे पोसायलाही पळस लागतो, पूर्व विदर्भात त्यावर लाख घेतात. लाकूड पाण्यात टिकतं म्हणून विहिरीच्या बांधकामात जायचं.

पांगारा म्हणजे आधार. त्याची फांदी तोडून जमिनीत रोवली की जगते, आणि भराभर वाढते. त्यामुळे कुंपणाला आणि वेल चढवायला त्याच्याइतकं सोयीचं झाड कमी. पानमळ्यात नागवेलीला शेवरी-शेवग्याबरोबर पांगारा लावतात, कोकणात आणि केरळात मिरीचा वेल त्याच्यावर चढतो. मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्रही मिळतं. मात्र गेल्या वीसेक वर्षांत एका बारीक गांधीलमाशीने त्याला छळलं आहे. ती कोवळ्या पानांत आणि देठांत अंडी घालते, तिथे गाठी येतात आणि झाड सुकत जातं. हवाई बेटांवर ती 2005 मध्ये पोहोचली आणि तिथल्या पांगाऱ्यांची दैना झाली. त्यानंतर लवकरच केरळच्या मिरीमळ्यांतही ती आढळली. वाटेत पानं गाठाळलेला, फुगलेला पांगारा दिसला तर बहुधा तिचंच काम असतं.

मुलं दोन्ही फुलं ओढून त्यातला मध चोखतात. पळसाच्या बाबतीत हरकत नाही, त्याच्या फुलांचं सरबतही करतात. पांगाऱ्याच्या बाबतीत मी हात आखडता घेईन, विशेषतः बियांच्या बाबतीत. त्यांत विषारी अल्कलॉइडं असतात.

आणि बिया येतात त्या एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा फुलं संपलेली असतात आणि नवी तीन-तीन पानं फुटून पुन्हा गोंधळ सुरू होतो. तेव्हा शेंग बघायची. पळसाची चपटी, फिकट, लवदार असते. बी एकच, तीही अगदी टोकाला, आणि उरलेली शेंग कागदासारखी रिकामी, म्हणून वाऱ्यावर लांब उडते. गावाकडे तिला पळसपापडी म्हणतात. पांगाऱ्याची शेंग गोलसर, काळी, बियांच्या मधे मधे आवळलेली, आणि बिया अनेक. खिशात घालून घरी आणायच्या तर लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.