गच्चीवर सोलर बसवलं म्हणजे वादळाची तयारी झाली, असं नाही

बाहेरचे व्याख्याते रत्नागिरीत येतात, गच्च्यांवरचं सोलर बघतात आणि 'हवामान बदलाला तोंड द्यायला भारत सज्ज आहे' असं सांगून जातात. हे ऐकून वीट आलाय. दोन निराळी कामं एकाच खात्यात जमा होतात.

पहिलं काम उत्सर्जन कमी करण्याचं. ते सगळ्यांना पाठ आहे: कोळसा घटवा, सौर-पवन वाढवा, २०७० पर्यंत निव्वळ शून्य, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषला जाईल. त्यात देशाने मजल मारली आहेच. २०२५ मध्ये विजेची निम्मी स्थापित क्षमता जीवाश्म इंधनांपलीकडची झाली.

दुसरं काम बदललेल्या हवामानात तगून राहण्याचं. घोळ होतो तो इथे. कार्बन कुठेही वाचवा, फायदा साऱ्या जगात वाटला जातो आणि दिसायला दशकं लागतात. तगण्याची तयारी मात्र ज्या गावात करावी त्याच गावाला, याच पावसाळ्यात उपयोगी पडते.

सोलरचंच बघा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या माडा-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. नुसतं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट विजेच्या लाइनला जोडलेलं सोलर असेल तर लाइन गेली की त्याचा इन्व्हर्टर आपणहून बंद पडतो, खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. लख्ख ऊन असलं तरी घरात दिवा नाही. बॅटरी जोडली तरच ते संकटात कामाला येतं.

उलट ओडिशा बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, २०१३ च्या फायलिनमध्ये काही डझन. फरक पडला तो वेळेवरच्या इशाऱ्यांनी, निवाऱ्यांनी आणि लाखो लोकांना आधीच हलवल्याने. त्यात कार्बनकपातीचा काही संबंध नाही.

आपल्याकडे हीच तयारी खारबांधाच्या, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाच्या, उघाडीत दिसते. उघाडी म्हणजे त्या बांधातली फळ्यांच्या झडपेची मोरी. ओहोटीला तिची झडप उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं, भरती आली की पाण्याच्या दाबाने मिटते. फळ्या कुजल्या की खारं पाणी थेट भातात. समुद्र चढत असताना या फळ्यांकडे लक्ष हवं. पण फीत कापायला तिथे कोण येणार?

कांदळवन तेवढं दोन्ही कामं करतं: चिखलात कार्बन धरून ठेवतं आणि लाटांचा जोरही मोडतं. म्हणून ते तोडून दगडी बंधारा घालणं मला अजिबात पटत नाही. आणि पैसा थोडाच असेल, तर कोकणात आधी उघाड्या, निवारे आणि जमिनीखालून वीजवाहिन्या. सोलर त्यानंतर, तेही बॅटरीसकट.